आजीच्या दुःखी मातेविषयी तू विचारलंस ते

प्रिय बाळा,

परवा फोनवर आजीची येशूच्या आईची, मारियेची, माळ चालू होती आणि तू माझ्या कानाशी येऊन विचारलंस, "बाबा, तिला तर स्वतःच्या मुलालाही वाचवता आलं नाही. मग आजी तिच्याकडे काय मागते?" मी "नंतर सांगतो" म्हणालो आणि तुझा चेहरा उतरला. मी रागावलो नव्हतो. हाच प्रश्न नऊ वर्षांचा असताना माझ्या पोटात होता, विचारायची छाती झाली नव्हती. शिवाय आजीने तुझं बोलणं ऐकलं की काय, ते कळेना, म्हणून गप्प बसलो.

आजीच्या खोलीतलं ते चित्र तुला आठवत असेल. मान किंचित कललेली, डोळे ओले, छातीवर उघडं हृदय आणि त्यात रुतलेल्या सात तलवारी. लहानपणी माळेच्या वेळी गुडघे दुखायला लागले की मी त्या तलवारी मोजत बसायचो. सहाच भरायच्या. एकदा आईला विचारलं, तर म्हणाली, "चौकटीखाली गेली असेल. आहे ती." बऱ्याच वर्षांनी काच तडकली, चौकट बदलली, तेव्हा खरंच कडेला सातवीची मूठ निघाली.

त्या तलवारी म्हणजे मारियेची सात दुःखं. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा म्हाताऱ्या शिमोनाने तिला सांगितलं की तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल. हे पहिलं. मग मिसरला, म्हणजे इजिप्तला, पळून जाणं, बारा वर्षांचा येशू तीन दिवस हरवणं, क्रुसाच्या वाटेवरची त्याची भेट, क्रुसाखाली उभं राहणं, त्याचं शरीर मांडीवर घेणं आणि शेवटी कबर. आजी शुक्रवारी करते ती माळ याचीच असते, सात दुःखं आणि प्रत्येकाला सात वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना. हे फक्त आपल्या घरातलं किंवा आपल्या मराठी माणसांचं आहे असं समजू नकोस. 1233 साली फ्लॉरेन्समध्ये सात जणांनी मारियेच्या सेवकांचा संघ सुरू केला आणि त्या संघाने ही भक्ती पुढे नेली. पोप सातवे पायस नेपोलियनच्या कैदेत जवळपास पाच वर्षं होते. सुटून रोमला परतले त्याच वर्षी, 1814 मध्ये, त्यांनी दुःखी मातेचा हा सण सगळ्या चर्चला दिला. कैदेतून सुटलेल्या माणसाला आनंदाचा एखादा सण सुचला नाही, हा सुचला, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पण तुला हवं आहे ते उत्तर यात नाही, हे मला कळतं. म्हणून धाकट्या काकाबद्दल सांगतो. तो तुला फक्त फोटोत माहीत आहे. सहा वर्षांचा होता, मी नऊचा. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेला. घर माणसांनी भरलं होतं. जो तो आईला म्हणत होता, देवाची इच्छा. आईने कुणालाच उत्तर दिलं नाही. रात्री मला जाग आली तेव्हा ती त्या चित्रासमोर होती. गुडघ्यांवर नव्हती, उभी होती. हातात माळ नव्हती, काकाचा शाळेचा सदरा होता आणि अंगठ्याने ती त्याचं वरचं बटण चोळत होती. खूप वेळाने तिने एवढंच म्हटलं, "तुला कळतं ना." मग सदरा घडी करून फळीवर ठेवला आणि झोपायला गेली.

तिने काही मागितलं नव्हतं, बाळा. मागण्यासारखं उरलंच काय होतं? दिवसभर जे तिला समजावत होते त्यांच्यातल्या एकालाही ती हे म्हणाली नव्हती. पुढच्या उपवासकाळात क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला, येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या एकेका स्थानाशी थांबत करतात त्या, आम्ही गेलो. चौथ्या स्थानाशी, येशूला आई भेटते तिथे, तिने माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. मी सोडवून घेतला नाही.

आता दुसरी बाजूही तुला सांगायला हवी. मोठी आत्या सासरहून मार खाऊन आली होती, तेव्हा याच चित्राखाली बसवून मोठ्यांनी तिला सांगितलं, "मारियेनंही सोसलं." आणि परत पाठवलं. ते आठवलं की आजही माझा जीव जळतो. कितीतरी वर्षं मला त्या चित्राकडे बघवत नव्हतं. बायकांनी गप्प बसावं म्हणून तर हे टांगलेलं नाही ना, असं वाटायचं. अजूनही कधीकधी वाटतं. पण दुसरं दुःख कोणतं ते बघ. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला, तेव्हा ती नवऱ्याबरोबर, योसेफाबरोबर, रात्रीतून पोराला घेऊन पळाली. सोसलं, पण तिथे थांबली नाही. आत्याला हे त्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं. मी लहान होतो, आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

हे पळून जाण्याचं दुःख मला इथे परदेशात आल्यावर जास्त कळलं. आपल्यामागे कुणी लागलं नव्हतं, आपण आपल्या मर्जीने आलो, तेव्हा तिच्याशी बरोबरी करायची नाही. तरी परक्या भाषेत पोर वाढवताना ती मला जवळची वाटते. आणि तू स्टेशनवर हरवली होतीस ती वीस मिनिटं आठव. तुझी आई नुसती तुझं नाव घेत फलाटभर पळत होती. मला त्या वेळी एकही प्रार्थना आठवली नाही, एवढंच डोक्यात आलं की तिचे तर तीन दिवस होते.

तू म्हणतेस ते खरं आहे. तिला त्याला वाचवता आलं नाही. त्याच्यासोबतचे बहुतेक पळून गेले आणि ती क्रुसाजवळ उभी राहिली, एवढंच तिच्या हातात होतं. तिथून त्याने तिला एका शिष्याच्या हाती सोपवलं: ही तुझी आई. मला खरी आशा वाटते ती पुढच्या गोष्टीत. पुनरुत्थित येशू आधी आईला भेटला असं शुभवर्तमानात कुठे लिहिलेलं नाही. पण बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत ती माडीवर आहे, प्रार्थनेत, त्याच पळून गेलेल्यांच्या सोबत. ज्यांनी तिच्या मुलाला एकटं सोडलं त्यांच्यात ती जाऊन बसली. काका गेल्यावर आईही मला शाळेसाठी तयार करायला सकाळी उठली होती. ती कशी उठली, हे मी तिला कधी विचारलं नाही.

15 सप्टेंबरला दुःखी मातेचा सण येतो. तू माळ धरावीस असा माझा आग्रह नाही. त्या चित्राची लहान प्रत आजीने माझ्याकडे दिली आहे, माझ्या कपाटात आहे. हवी असेल तर माग, नको असेल तर राहू दे. मात्र त्या दिवशी आजीला फोन कर आणि तुझा प्रश्न तिलाच विचार. विचारताना काकाचं नाव घेतलंस तरी चालेल. ते नाव घेणं आम्हीच सगळे टाळत आलो, तिने कधी टाळलं नाही.

तुझा,
बाबा