वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं : मार लिहून ठेवायचा कशाला?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. माझी धाकटी लेक यंदा एम.एस.डब्ल्यू. झाली. आता बोस्नियाला जाऊन निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत तीन महिने राहायचं म्हणते. स्वयंपाक, कपडे, औषधं असं काम असेल असं मला वाटलं होतं. पण ती म्हणते, पोलिसांनी मारून सीमेपार हाकललेल्या लोकांचे जबाबही घ्यायचे असतात. भुकेल्याला जेवू घालणं मी समजू शकतो. मारहाण लिहून ठेवून कुणाचं पोट भरतं? आणि परक्या मुलखात पोलिसांशी वाकडं कशाला घ्यायचं? तिला काय सांगू?
— एक वडील, इंदिरानगर

उत्तर : लिहून कुणाचं पोट भरतं, हे मी कोर्टाच्या आवारात उभी हयात ऐकत आले. मजुरी बुडालेला माणूस येतो, मार खाल्लेली बाई येते, आणि सोबत आलेला म्हणतो, ‘मॅडम, आधी काहीतरी मदत करा, कागदाचं नंतर बघू.’ तो नंतर कधी येत नाही. वळ पिवळा पडून विरून जातो, तारीख आठवत नाही, साक्षीदार गावाला निघून गेलेला असतो.

२०२० च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा हायवेवरून माणसं चालत उत्तरेकडे निघाली होती, ती तुम्हीही पाहिली असतील. विल्होळीजवळ आम्ही काहीजण पोळी-भाजी, पाणी, चपला वाटत होतो. आमच्यातल्या दोन ज्युनिअर मुली जेवणाच्या पाकिटांशेजारी वही घेऊन उभ्या राहायच्या. कुठल्या साइटवर कामाला होता, ठेकेदार कोण, किती दिवसांची मजुरी अडकली, गावाकडचा फोन कुठला. पोळी संध्याकाळपर्यंत पुरली. मजुरीच्या अर्जांना पुढे आधार झाला तो त्या वहीचा. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि लोकांनी पाठवलेली पत्रं यांची स्वतःहून दखल घेतली, आणि २८ मे रोजी मजुरांकडून रेल्वे-बसचं भाडं घेऊ नये, वाटेत त्यांना जेवण द्यावं, असा आदेश दिला. कुणीतरी पाहून लिहिलं होतं, म्हणून न्यायाधीशांच्या टेबलावर काहीतरी होतं.

आता बोस्नियाकडे येते. २०१५ मध्ये सीरिया, अफगाणिस्तान, इराक इथून निघालेले लाखो लोक तुर्कस्तान-ग्रीसमार्गे बाल्कन देशांतून युरोपात गेले. २०१६ च्या मार्चमध्ये ती वाट बंद झाली आणि मागून येणारे आधी सर्बियात, मग बोस्नियात अडकले. पलीकडे क्रोएशिया, म्हणजे युरोपीय संघाची हद्द. रात्री जंगलातून, नदीतून ती हद्द ओलांडायची, याला ही माणसं ‘गेम’ म्हणतात. पकडल्यावर ‘मला आश्रय हवा’ असं म्हणणाऱ्याचा अर्ज ऐकून घ्यायचा, ही त्या देशाने कायद्याने पत्करलेली जबाबदारी आहे. प्रत्यक्षात काय होत आलं? बंद गाडीत कोंबून सीमेवर आणायचं, फोन फोडायचे, पैसे आणि बूट काढून घ्यायचे, दांडक्यांनी मारायचं आणि थंडीत ओढा ओलांडून परत जायला लावायचं. यालाच ‘पुशबॅक’ म्हणतात. क्रोएशियाचं सरकार हे वर्षानुवर्षं नाकारत राहिलं.

ज्यांना हे नाकारता आलं नाही, ते जेवण वाढणारे होते. २०१६-१७ च्या हिवाळ्यात सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडला, रेल्वे स्टेशनामागच्या पडक्या गोदामांत माणसं कचरा जाळून ऊब घेत होती. तिथेच ‘नो नेम किचन’ नावाचा गट उभा राहिला. क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबमध्ये, त्याआधीपासून ‘आर यू सिरियस’ काम करत होता. रांगेत ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा हात प्लॅस्टरमध्ये का आहे, हे वाढणाऱ्याला विचारावंच लागतं. अशा छोट्या गटांनी मिळून ‘बॉर्डर व्हायलन्स मॉनिटरिंग नेटवर्क’ उभं केलं, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये दीड हजार पानांचा जबाबांचा संग्रह युरोपीय संसदेत मांडला. त्यात बारा हजारांहून अधिक माणसांवर गुदरलेल्या प्रसंगांची नोंद आहे.

हे जबाब कसे घेतात, ते तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण लेक तेच शिकणार आहे. सगळे गट एकच ठरलेला नमुना वापरतात. माणसाचं नाव त्यात लिहीत नाहीत. दिवस कोणता, वेळ साधारण काय, पकडलं कुठे, सोडलं कुठे, गटात किती जण, त्यात मुलं किती, गणवेशाचा रंग कोणता, तोंडं झाकलेली होती का, गाडी कशी होती, दुभाषी होता का, आश्रय मागितला का, त्यावर काय उत्तर मिळालं, काय काढून घेतलं, कशाने मारलं. सीमेच्या कुठल्या वळणावर नेऊन सोडलं, हे त्या माणसाला बहुधा सांगता येत नाही. मग नकाशा पुढ्यात ठेवून ओढा, पूल, उजेड दिसणारं गाव असं जोडत जागा ठरवतात.

वळाचा फोटो त्याच दिवशी काढायचा असतो. लाठीचा घाव मांसल भागावर बसला की दोन समांतर लाल रेषा उमटतात आणि मधली पट्टी फिकट राहते, कारण मार बसतो तिथलं रक्त दोन्ही कडांना ढकललं जातं. पडून लागलेल्या माणसाच्या पाठीवर अशा रेषा उमटत नाहीत. सिव्हिलच्या डॉक्टरांची उलटतपासणी घेताना मी या दोन रेषांवर तासन् तास बोलले आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये युरोप परिषदेची, म्हणजे युरोपातल्या सरकारांनी मिळून स्थापलेल्या संघटनेची, छळप्रतिबंधक समिती क्रोएशियाच्या सीमेवर गेली, तेव्हा तिच्या डॉक्टरांना लोकांच्या पाठीवर नेमक्या याच खुणा सापडल्या, आणि पुढच्या वर्षी तो अहवाल जाहीर झाला. छोट्या गटांनी आधी जे लिहून ठेवलं होतं, तेच सरकारांनी नेमलेल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं.

एक प्रकरण तर मुळापासून पाहण्यासारखं आहे. २१ नोव्हेंबर २०१७ च्या रात्री एक अफगाण आई तिच्या सहा मुलांसह क्रोएशियात शिरली. पोलिसांनी गाठलं, आश्रय मागितला तरी रेल्वेचे रूळ धरून सर्बियाकडे परत जा म्हणून सांगितलं, असं कुटुंबाचं म्हणणं. रुळांवर गाडी आली आणि सहा वर्षांची मुलगी गेली. पोलीस म्हणाले, अपघाताआधी आमची त्यांच्याशी गाठच पडली नाही. त्या पट्ट्यात थर्मल कॅमेरे होते, पण चित्रण काही मिळालं नाही. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने क्रोएशियाला दोषी ठरवलं : मृत्यूचा तपास धड केला नाही, पुढे मुलांना कोंडून ठेवलं त्या स्थितीतही हक्कभंग झाला, आणि आई-मुलांना बेकायदा सामूहिकपणे हुसकावलं. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे : पुरावा सरकारच्या कपाटात असताना कुटुंबाने तो आणायचा कुठून? न्यायालयाने या सीमेवरून परत हाकलल्याच्या अनेक अहवालांची दखल घेतली, कुटुंबाचं म्हणणं सुरुवातीपासून एकसारखं आहे हे पाहिलं, आणि मग ‘तसं घडलं नाही हे तुम्ही दाखवा’ असं सरकारला सांगितलं. त्या अहवालांत नागरी संस्थांचे अहवालही होते.

आता तिच्या सुरक्षेचं. धोका नाही असं मी म्हणणार नाही. याच कुटुंबाला पुढे मदत करणाऱ्या झाग्रेबच्या स्वयंसेवकाला तिथल्या कोर्टाने दंड ठोठावला. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटातून आलेल्या दोघांना खायला-प्यायला आणि निजायला जागा दिली म्हणून एका भूगोलाच्या शिक्षकावर खटला चालला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं, पण जवळपास दोन वर्षं टांगती तलवार होतीच. म्हणून लेकीने निघण्यापूर्वी संस्थेकडून काही गोष्टी लेखी घ्याव्यात. बोस्नियासाठी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. कुठल्या व्हिसावर आणि कुठल्या नोंदणीवर ती काम करणार? जबाब घेण्याचं प्रशिक्षण कोण देणार? कागद आणि फोटो कुठे, कुणाच्या ताब्यात राहणार? अडचण आली तर स्थानिक वकील कोण? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी संस्था शोधावी. आणि तिने कुणालाही गाडीत घेऊन सीमेकडे जायचं नाही, पहिला जबाब एकटीने घ्यायचा नाही, ‘यातून तुला न्याय मिळेल’ असं वचन कुणालाही द्यायचं नाही.

एक गोष्ट तिच्या बाजूने जमेची आहे. या वाटेवर पाकिस्तानी आणि अफगाण माणसं पुष्कळ असतात. सर्बियाने आपल्याला १ जानेवारी २०२३ पासून व्हिसा सक्तीचा केला, तोवर भारतीयही त्या वाटेने जात होते. स्पॅनिश किंवा जर्मन स्वयंसेवकाला जिथे दुभाषी शोधावा लागतो, तिथे तुमची लेक हिंदीत विचारेल आणि समोरचा उर्दूत, पंजाबीत सांगेल. माझं मत विचारलंत तर, जाऊ द्या तिला. तोवर इथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरालीगल स्वयंसेवकाच्या प्रशिक्षणाची चौकशी करायला सांगा. अर्ज आणि जबाब लिहून घेण्याचा हात नाशिकमध्येच बसेल.

प्रश्न : मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ज्यावर नावच नाही असा जबाब कोर्टात टिकतो तरी कसा?
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : एकटा नाही टिकत, आणि टिकूही नये. पण एकमेकांना न ओळखणाऱ्या शेकडो माणसांनी वेगवेगळ्या महिन्यांत तीच गाडी, तेच झाकलेले चेहरे आणि ओढ्याचं तेच वळण सांगितलं, तर ती पद्धत ठरते. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ग्रीसविरुद्धच्या निकालात, एव्रोस भागातून तुर्कस्तानात पद्धतशीर पुशबॅक होत असल्याचे ठोस संकेत असल्याचं म्हटलं. तो निकाल मुळातून वाच. पुरावा कुणी सिद्ध करायचा हा भाग दोनदा वाच.

प्रश्न : ताई, आमचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून देवळाली कॅम्पला आले. त्यांच्या ‘क्लेम’चे कागद आजही आमच्या कपाटात आहेत. आमच्या वेळी कागद सरकारने केले. मग आज हे काम संस्थांना का करावं लागतं? इथे बसून आम्हाला काही करता येईल का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : तुमच्या आजोबांना भारताने आपलं मानलं होतं. मागे सुटलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवायला १९५० मध्ये कायदा झाला, भरपाईसाठी १९५४ मध्ये दुसरा. सीमेवर मार खाल्लेल्याची गोष्ट निराळी. ज्याने फिर्याद लिहून घ्यायची, त्याच्याच विरुद्ध ती फिर्याद असते.

हे सारं दूर युरोपात घडतं असं मात्र समजू नका. ७ जानेवारी २०११ रोजी भारत-बांगलादेश सीमेवरचं कुंपण ओलांडताना पंधरा वर्षांची एक बांगलादेशी मुलगी गोळीने गेली आणि तिचा देह काटेरी तारांवर तासन् तास लटकत राहिला. सीमा सुरक्षा दलाच्या स्वतःच्या न्यायालयाने आपल्या आरोपी जवानाला २०१३ मध्ये निर्दोष ठरवलं, फेरविचारानंतर २०१५ मध्ये पुन्हा तेच. मुलीच्या वडिलांसोबत सर्वोच्च न्यायालयात गेली ती पश्चिम बंगालमधली ‘मासूम’, म्हणजे बांग्लार मानवाधिकार सुरक्षा मंच. सीमेवरच्या गावांत फिरून, भारतीय गावकऱ्यांवर झालेल्या मारहाणीचीही नोंद ही संस्था ठेवते. आश्रय मागणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या १९५१ च्या निर्वासित करारावर आपल्या देशाने सही केलेली नाही, त्यामुळे आपल्याकडे अशा नोंदींची गरज अधिकच आहे. अशा संस्थांचे अहवाल वाचा, जमेल तेवढी वर्गणी द्या. मराठीत त्यांच्याबद्दल जवळजवळ काही छापून येत नाही. त्यांना विचारून एखाद्या अहवालाचा अनुवाद केलात तर तो या मासिकाकडे पाठवा, संपादकांशी मी बोलते.

आणि घरातलंही बघा. सिंधमध्ये जन्मलेलं कुणी, आत्या, मावशी, आजोबांचा धाकटा भाऊ, अजून हयात असेल, तर पुढच्या रविवारी फोनवर रेकॉर्डिंग लावून समोर बसा. कराचीहून जहाज कधी निघालं, सोबत कोण होतं, बंदरावर काय काढून घेतलं, देवळालीच्या बराकीत पहिल्या रात्री शेजारी कोण होतं, हे विचारा. त्यांना सिंधीतच बोलू द्या. ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ अशा आठवणी जतन करते. क्लेमच्या कागदांचे फोटोही दोन्ही बाजूंनी काढा. मागच्या बाजूचे शिक्के अनेकदा पुढच्या मजकुराहून अधिक सांगतात.