ट्रॉली सुरू झाली की डोळा लागतो

मावशी,
मी 28 वर्षांचा आहे. जुळे सोलापूरला राहतो, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आम्ही सहाजण दर रविवारी मटण-भाकरी हाणून रात्री साडेनऊला एका मित्राच्या हॉलमध्ये परदेशी सिनेमा लावतो. बाकीचे रंगून जातात, मी पेंगतो. परवा तारकोव्स्कीचा 'स्टॉकर' हा रशियन सिनेमा होता. त्यातली तिघं रुळांवरच्या ट्रॉलीवर बसली आणि माझा डोळा लागला. जागा झालो तर चर्चा सुरू. "काय बे, तुला आपले तेलुगू मास पिच्चरच बरे," म्हणून सगळे हसले. त्यात दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' ही रशियन कादंबरी वाचलीय असं मी ठोकून दिलंय. खरं म्हणजे मोबाइलवर साठेक पानं झाली आणि सोडलं, कोण कुणाचा कोण तेच कळेना. पुढच्या महिन्यात त्याच्यावर बोलायचं ठरलंय. या रविवारी सिनेमा निवडायची पाळी माझी आहे. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' हा इराणी सिनेमा मला मनापासून आवडला होता, पण तो पोराटोरांचा म्हणतील म्हणून गप्प बसलो. माझी आवडच हलकी आहे का? दहावीपर्यंत मराठी शाळा, हेही सांगून ठेवतो.
– पेंगणारा

पेंगणाऱ्या,

सिनेमा न आवडणं वेगळं आणि तो आपल्यापर्यंत न पोचणं वेगळं. न आवडण्याबद्दल तुला कुणी बोलायचं कारण नाही. पण तुझं दुखणं मला न पोचण्याचं दिसतंय, आणि त्यातला निम्मा दोष मटणाचा आहे.

'स्टॉकर' 2 तास 40 मिनिटांचा. साडेनऊला लावलात की संपेपर्यंत बारा वाजून जातात. पोट भरलेलं, दिवे मालवलेले, आणि डोळ्यांना सतत इंग्रजी वाचायचं काम. सबटायटल एका वेळी फार तर दोन ओळींचं असतं आणि पाच-सहा सेकंदांत जातं. ज्याला इंग्रजीची सवय आहे तो दोन सेकंदांत वाचून चेहऱ्याकडे वळतो. तू मनात मराठी करत ओळीच्या टोकाला पोचतोस तोवर ओळ गेलेली, चेहराही गेलेला. असं तासभर झालं की कुणीही पेंगेल. तेलुगू पिच्चर तू सबटायटलशिवाय बघतोस ना? ती भाषा गल्लीत खेळता खेळता कानात बसली, म्हणून तिथे डोळे मोकळे राहतात.

तेव्हा वेळ बदला: संध्याकाळी पाच, पोटात फक्त चहा. गोष्टीचा सारांश आधी वाचून ये, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कीर्तनाला बसणाऱ्यांना कथा पाठच असते, तरी बसतातच की. अक्षरं एक माप मोठी करा आणि पिवळी ठेवा, नाहीतर बर्फाच्या किंवा पांढऱ्या भिंतीच्या दृश्यात पांढरी ओळ दिसेनाशी होते. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा मोशनचा पर्याय असतो, तो बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो. दोन चित्रांच्या मधली चित्रं टीव्ही स्वतःच्या मनाने भरतो आणि मोठ्या दिग्दर्शकाचा सिनेमासुद्धा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

सबटायटल मागेपुढे होत असेल तर आधी नीट बघा, चूक पहिल्यापासून तेवढीच आहे की वाढत जातेय. तेवढीच असेल तर व्हीएलसी या कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' ही बटणं दाबून जुळवता येतं, एका दाबाला सेकंदाचा विसावा भाग सरकतो. वाढत जात असेल तर बटणांच्या नादी लागू नका. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला 25 चित्रांनी पळतात. तिथलं सबटायटल 24 च्या प्रतीला लावलं की तासाभरात अडीच मिनिटांची तफावत पडते. त्यापेक्षा दुसरं सबटायटल शोधणं सोपं.

आता ती ट्रॉली. तिथे झोपणारा तू पहिला नाहीस. अख्ख्या सिनेमात दीडशेपेक्षा कमी शॉट आहेत, म्हणजे सरासरी एकेक शॉट मिनिटाच्या वर. ट्रॉलीवर तर काही मिनिटं नुसती तिघांची डोकी, बाजूने किंवा मागून, आणि रुळांवरचा खडखडाट. संवाद जवळजवळ नाहीतच. पण तो आवाज ऐक. सुरुवातीला साधा चाकांचा असतो, मग हळूहळू त्यात घुमणारे, चमत्कारिक सूर मिसळत जातात. तू कारखान्यात बसतोस, मागांचा खडखडाट काही वेळाने कानांना ऐकू येईनासा होतो आणि त्यातून भलतंच काही ऐकू यायला लागतं, हे तुला मी काय सांगू! तोवर तपकिरी असलेला पडदा या प्रवासाच्या शेवटी एकदम हिरवा होतो. तू नेमका तेव्हा घोरत होतास. एखाद्या सुट्टीच्या सकाळी तेवढीच दहा मिनिटं हेडफोन लावून बघ. तरी नाही आवडलं तर सोड, आणि मित्रांना तसं सांग. फक्त "बोअर आहे" म्हणू नकोस. कुठल्या दृश्यात धागा सुटला ते सांग, म्हणजे हसायच्या ऐवजी ते बोलायला लागतील.

कादंबरीचं बघू. नावांचा घोळ म्हणतोस, पण रशियन नाव तुझ्या रेशनकार्डावरच्यासारखंच असतं: स्वतःचं, बापाचं, आडनाव. कादंबरीचा नायक रोदियोन रोमानोविच रास्कोल्निकोव म्हणजे रोमानचा मुलगा. त्याची बहीण अव्दोत्या रोमानोव्हना. घरात तो रोद्या, ती दुन्या. आपल्याकडे पांडुरंगाचा पांड्या होतो तसं. मानाने हाक मारायची तर स्वतःचं आणि बापाचं नाव जोडून. म्हणून दुन्याशी लग्न ठरलेला लुझिन आणि प्योत्र पेत्रोविच हा एकच माणूस. पोर्फिरी पेत्रोविच मात्र वेगळा, तो तपास अधिकारी. दोघांच्या बापांचं नाव प्योत्र, बाकी नातं काही नाही. इथे भलेभले फसतात. ही सहा-सात नावं एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेव. आणि मोबाइलवर नको, छापील प्रत घे. मोबाइलवर फुकट मिळतो तो बहुधा 1914 चा, कॉन्स्टन्स गार्नेटबाईंचा अनुवाद. वाईट नाही, पण इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीचं आहे. त्यामानाने 1992 चा, पेव्हिअर आणि व्होलोखोन्स्की या जोडीचा अनुवाद अलीकडचा. दोन्हींचं पहिलं पान वाच आणि जे जिभेवर बसेल ते घे.

पहिल्या भागात सात प्रकरणं आहेत, रोज एक वाच. दुसऱ्या प्रकरणात मार्मेलादोव नावाचा दारुडा गुत्त्यात बोलतच सुटतो, तिसऱ्यात आईचं लांबलचक पत्र येतं. बहुतेकांचं पुस्तक या दोन ठिकाणी मिटतं. सावकारी करणाऱ्या म्हातारीचा खून होतो सातव्यात. साठेक पानांवर सोडलंस म्हणजे त्या म्हातारीच्या दारापर्यंत जाऊन तू परत फिरलास. सातवं वाचूनही नको वाटलं तर खुशाल सोड.

थापेचं काय करायचं? ती महिनाभर सांभाळू नकोस. ग्रुपवर नको, ज्याच्या घरी बसता त्याला एकट्याला मेसेज टाक: "ते पुस्तक मी वाचलेलं नाही, साठ पानांवर सोडलं होतं. आता वाचतोय, माझ्याकडून सध्या पहिला भागच धरा." यापेक्षा जास्त खुलासा नको. बाकीच्या चौघांपैकीही एखाद्याने शेवटपर्यंत वाचलेलं नसेल.

या रविवारी 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' लाव. इराणचाच, 1987 चा, कियारोस्तामी या दिग्दर्शकाचा, 83 मिनिटांचा. अहमदच्या दप्तरात वर्गमित्राची वही चुकून येते आणि ती परत द्यायला तो डोंगरापलीकडच्या गावात धावतो. वही नसली तर मास्तर मित्राला शाळेतून काढतील. वाक्यं छोटी आहेत आणि तीच तीच परत येतात, त्यामुळे सबटायटल तुला जड जाणार नाही. एका दृश्याकडे लक्ष ठेव: आजोबा पोराला सिगारेट आणायला पिटाळतात. सिगारेट त्यांच्याजवळ आहे. पोरगं गेल्यावर ते शेजारच्या म्हाताऱ्याला समजावतात की हे त्याला वळण लागावं म्हणून. आपल्याकडच्या कुठल्याही पारावर बसलेले आजोबा आठवतील. पोराटोरांचा सिनेमा म्हणून कुणी नाक मुरडलंच तर त्या आजोबांबद्दल विचार. आणि 'चिल्ड्रन ऑफ हेवन' आवडला, हेही त्याच दिवशी सांगून टाक.

पुढच्या पाळीला कुरोसावाचा जपानी 'सेव्हन सामुराई' घे, 1954 चा. 3 तास 27 मिनिटं आहे, पण मूळ सिनेमातच मध्यंतर आहे. एकेक गडी गोळा करून टोळी कशी उभी करायची, हे तुमच्या त्या मास पिच्चरवाल्यांना कुठून सुचलं असेल ते बघून ठरव.

रविवारी पाचला सुरू करा, साडेसहाच्या आत संपेल. मटण त्यानंतर.

– मावशी