हेल्पर क्लासमधल्या स्टॅटिक मेथड्स: काढायच्या की ठेवायच्या?

तुमची अडचण मला समजली ती अशी. प्रोजेक्टमध्ये 'ऑर्डरहेल्पर' नावाचा क्लास आहे आणि त्यात ४० च्या आसपास स्टॅटिक मेथड्स, म्हणजे ऑब्जेक्ट न बनवता थेट क्लासच्या नावाने बोलावता येणाऱ्या मेथड्स, साठल्या आहेत. एक सहकारी म्हणतो, स्टॅटिक म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड नाहीच, सगळ्या काढा. दुसरा म्हणतो, चालतंय ते चालू द्या. आणि निर्णय तुमच्या गळ्यात पडलाय.

माझं म्हणणं, आत्ताच कुणाचीही बाजू घेऊ नका. फाइल उघडा, एकेक मेथड वाचा आणि प्रत्येक वेळी एवढंच तपासा: हिचं उत्तर फक्त हिला बोलावताना दिलेल्या मूल्यांवरून, म्हणजे आर्ग्युमेंट्सवरून ठरतं, की ही गुपचूप आणखी कुठे डोकावते?

जी डोकावत नाही, तिला हात लावू नका. जावाचा मॅथ क्लास बघा. सगळ्या मेथड्स स्टॅटिक, कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट (म्हणजे बाहेरून त्याचा ऑब्जेक्ट बनवताच येत नाही), आणि दोन आकड्यांतला मोठा शोधायला ऑब्जेक्ट हवा असं कुणी म्हणत नाही. जावा ७ मध्ये आलेला ऑब्जेक्ट्स क्लासही याच घडणीचा. तुमच्याकडे पिनकोडची लांबी तपासणारी किंवा रक्कम दोन दशांशांपर्यंत आणणारी मेथड असेल, तर ती स्टॅटिकच शोभते. टेस्ट लिहायला तिच्याइतकी सोपी दुसरी नाही.

खरी गोम डोकावणाऱ्यांत आहे. समजा 'सूटलागूआहेका' अशी मेथड आहे आणि ती फक्त ऑर्डर घेते. वरून बघता एकच इनपुट. आत मात्र आजची तारीख आणणारं लोकलडेट.नाऊ() बसलंय. म्हणजे इनपुट दोन आहेत, आणि दुसरं मेथडच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे नाव आणि आर्ग्युमेंट्सच्या ओळीत, दिसतच नाही. सवलतीच्या शेवटच्या दिवसाची टेस्ट कशी लिहाल? आज पास होणारी टेस्ट उद्या पडेल. शिवाय आर्ग्युमेंट न देता बोलावलेलं नाऊ() मशीनचा डीफॉल्ट टाइमझोन धरतं. सर्व्हर यूटीसीवर आणि ग्राहक दुसऱ्या टाइमझोनमध्ये असेल, तर मध्यरात्रीच्या आसपास दोघांची तारीख वेगळी, आणि सवलत चुकीच्या दिवशी बंद.

यावरचा उपाय बऱ्याचदा स्टॅटिक काढणं हा नसतोच. तारीख आर्ग्युमेंट म्हणून द्या, बस. मेथड स्टॅटिकच राहते, लपलेलं इनपुट उघड्यावर येतं आणि टेस्टमध्ये हवी ती तारीख देता येते. तीच तारीख पाच मेथड्समधून खाली पोचवावी लागत असेल, तर मात्र ऑब्जेक्ट करा आणि कन्स्ट्रक्टरमधून क्लॉक द्या. जावा ८ पासून त्यासाठी क्लॉक क्लास आहे, टेस्टमध्ये एकाच वेळेवर थांबवलेलं घड्याळ देणारं क्लॉक.फिक्स्ड वापरायचं. डॉटनेट ८ मध्ये हेच काम टाइमप्रोव्हायडर करतो. मॉकिटो या जावाच्या टेस्टिंग लायब्ररीला आता स्टॅटिक मेथड्सही मॉक करता येतात, म्हणजे टेस्टपुरती त्यांच्या जागी नकली मेथड बसवता येते, हे खरं, पण जिथे जुना कोड बदलणं शक्यच नाही तिथेच मी ते वापरतो. नव्या कोडमध्ये त्याची गरज भासली, तर रचना चुकतेय असं मी समजतो.

डेटाबेस वाचणाऱ्या आणि ईमेल पाठवणाऱ्या मेथड्सवर फार वेळ घालवू नका. त्यांना इंटरफेस द्या, कन्स्ट्रक्टरमधून आत घ्या.

आता स्टॅटिक फील्ड्स, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच असणारी क्लासची मूल्यं. याचा चटका मी स्वतः खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये तारखांचा हेल्पर क्लास होता आणि त्यात एक स्टॅटिक फायनल सिंपलडेटफॉरमॅट (तारखेचा मजकूर करणारा आणि मजकुरातून तारीख वाचणारा जावाचा जुना क्लास). दर वेळी नवा ऑब्जेक्ट नको म्हणून एकच ठेवलेला. लोड वाढला की अधूनमधून एखाद्या नोंदीत भलतीच तारीख पडायची. बहुतेक वेळा एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये काही नाही, आणि माझ्या मशीनवर तर कधीच घडलं नाही. कित्येक दिवस मी डेटाबेसवर संशय घेत बसलो होतो. कारण असं निघालं की सिंपलडेटफॉरमॅट आपल्या पोटात एक कॅलेंडर ठेवतो आणि पार्स किंवा फॉरमॅट करताना ते बदलतो. दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकदम आले की एकाचं काम दुसऱ्याच्या तारखेवर चढतं. फायनल या शब्दाने मला फसवलं. त्याने फक्त रेफरन्स, म्हणजे फील्ड कोणत्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवते ते, बदलत नाही; ऑब्जेक्टच्या आतलं सगळं बदलू शकतं. आम्ही तिथे डेटटाइमफॉरमॅटर आणला. तो बदलत नाही, थ्रेडसेफ आहे (अनेक थ्रेड्सनी एकदम वापरला तरी बिघडत नाही), म्हणून फील्ड स्टॅटिकच ठेवली आणि त्रास संपला. तेव्हा तुमच्या क्लासमधली प्रत्येक स्टॅटिक फील्ड तपासा: ती आतून बदलते का?

उरतात त्या मेथड्स, ज्यांचं घर चुकलंय. 'एकूणकाढा' ऑर्डर घेते आणि आत प्रत्येक ओळ ऑर्डर.गेटवस्तू(), ऑर्डर.गेटसूट() अशी असते. ही मेथड ऑर्डरचीच आहे, तिला ऑर्डर क्लासमध्ये न्या. नुसतं वाचायला बरं वाटतं म्हणून नाही. हेल्परला वस्तूंची यादी लागते म्हणून ती यादी बाहेर देणारा गेटर उघडा ठेवावा लागतो, आणि तो उघडा असला की बंद झालेल्या ऑर्डरमध्येही कुणी बाहेरून वस्तू घालू शकतं. मेथड आत गेली की यादी प्रायव्हेट करता येते. करआकारणीसारखे नियम प्रकारानुसार बदलणार असतील, तर स्टॅटिक तिथे तोकडं पडतं, कारण जावात स्टॅटिक मेथड ओव्हरराइड होत नाही (सबक्लासला तिच्या जागी आपली मेथड आणता येत नाही), नुसती झाकली जाते.

स्ट्रिंगसारखा क्लास आपला नसतो, त्यात मेथड घालता येत नाही, तिथे हेल्पर रास्त आहे. सी शार्पमध्ये २००७ पासून एक्स्टेन्शन मेथड्स आहेत. दिसायला ऑब्जेक्टच्या, पण मुळात त्या स्टॅटिकच.

हे सगळं एका दमात करू नका. मेथड हलवली की जुनी स्टॅटिक मेथड लगेच पुसू नका, तिच्यात एका ओळीत नव्या मेथडला बोलवा, डेप्रिकेटेड (आता वापरू नका) म्हणून खूण करा आणि वापरणाऱ्या जागा सवडीने बदला. 'हेल्पर' हे नावही जाऊ द्या, कारण त्या नावाखाली काहीही खपतं. शेवटी जर ऑर्डर क्रमांक तपासणाऱ्या तीन-चारच मेथड्स उरल्या, तर 'ऑर्डरक्रमांक' नावाचा छोटा क्लास करा, त्या तिथे आपसूक बसतील.

सुरुवात कुठून हे विचारलंत, तर आधी स्टॅटिक फील्ड्स, मग फाइलमध्ये 'नाऊ' शोधून सापडतील त्या मेथड्स. 'एकूणकाढा' थोडी थांबू शकते, ती आज चुकीचं उत्तर देत नाहीये.