स्पीकरच्या फॅनची घरघर

प्रश्न: दादा, आमच्या भजनी मंडळाचे दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर आहेत, मागं अ‍ॅम्प्लिफायरला छोटा फॅन आहे. पेटी हळू वाजायला लागली की फॅनची घरघरच जास्त ऐकू येते. वायर काढून टाकू का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर: वायर अजिबात काढू नका राव! सोलापूरचा मे महिना म्हणजे बाहेरच चाळीसच्या वर, त्यात अ‍ॅम्प्लिफायर बंद डब्यात, हवा थांबली की आधी आवाज कट होणार आणि नंतर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जाणार. तुमच्याकडं लूमची तूस उडते ना, ती जाळीवर नमद्यासारखी बसते, म्हणून आधी ब्रशनं जाळी साफ करा, ब्लोअर मारला तर पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते गरगर फिरून बेअरिंग खराब होतं. तरी घरघर राहिली तर बेअरिंग गेलंय असं समजा, तेल सोडून चार दिवसच निभतं, मेकॅनिककडून फॅनच बदलून घ्या. जुन्याच्या स्टिकरवर व्होल्ट बघा (बहुतेक 12 असतात, कधी 24), साइज तीच घ्या, बॉल बेअरिंगचा घ्या, फॅनवरचा हवेच्या दिशेचा बाण जुन्यासारखाच ठेवा. स्पीड कमी करायला रेझिस्टर लावायचं खूळ मात्र उन्हाळ्यात नको. आणि डबा स्वतः उघडू नका, प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहतो, मेकॅनिककडंच द्या. तोवर स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढं ओढा, मागं हवा खेळली पाहिजे.