मेव्हण्याशी मिसळीची पैज: राष्ट्रपतींचा पगार नक्की किती?

प्रश्न: माझा मेव्हणा म्हणतो की राष्ट्रपतींपेक्षा दिल्लीतल्या सेक्रेटरीचा पगार जास्त असतो. मी म्हटलं काहीही फेकू नकोस. आता मिसळीची पैज लागलीये. खरं काय ते सांगा, आणि त्यांना टॅक्स भरावा लागतो का तेही सांगा. (एक वाचक, बार्शी)

उत्तर: पैज तुम्ही जिंकलात, पण मेव्हण्याला अगदीच खोटं पाडू नका, त्याची माहिती फक्त शिळी आहे. आज राष्ट्रपतींना महिना ५ लाख रुपये मिळतात, उपराष्ट्रपतींना ४ लाख आणि राज्यपालांना साडेतीन लाख. झालं काय होतं, सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला आणि कॅबिनेट सेक्रेटरीचा, म्हणजे दिल्लीतल्या सगळ्यात वरच्या सनदी अधिकाऱ्याचा, पगार एकदम अडीच लाखावर गेला, तिन्ही सेनादलांच्या प्रमुखांचाही तेवढाच, आणि त्या सेनादलांचे सर्वोच्च कमांडर म्हणजे राष्ट्रपती मात्र दीड लाखावरच, कारण त्यांचा पगार काही वेतन आयोग ठरवत नाही, त्याचा १९५१ चा वेगळा कायदा आहे आणि तो संसदेत बदलावा लागतो. शेवटी २०१८ च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी ५ लाखाची घोषणा केली, तीही मागच्या म्हणजे १ जानेवारी २०१६ या तारखेपासून. त्याआधीची वाढ २००८ मधली, आपल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या तेव्हाची, ५० हजाराचे दीड लाख झाले होते.

सुरुवातीला राज्यघटनेतच आकडा लिहिलेला होता, महिना १०,००० रुपये. हसू नका. १९५० च्या सुमाराला सोनं शंभर रुपये तोळ्याच्या आसपास होतं, म्हणजे एका पगारात किलोभर सोनं! आता तोळ्याने लाख कधीच ओलांडलाय, तेव्हा आजच्या ५ लाखात पाच तोळेही येत नाहीत. त्या हिशेबाने बघाल तर पगार वाढला म्हणायचं की घटला, तुम्हीच ठरवा.

अर्थात पगारावर घर चालवायचं नसतंच म्हणा. ३४० खोल्यांचं राष्ट्रपती भवन बिनभाड्याचं, आणि रिटायर झाल्यावर पगाराच्या निम्मं पेन्शन, वर राहायला बंगला. हा खर्च भारताच्या संचित निधीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीतून जातो, त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते पण मतदान होत नाही. आणि कलम ५९ प्रमाणे मुदत चालू असताना पगार कमी करता येत नाही, सरकार कितीही चिडलं तरी. स्वतःहून सोडला तर गोष्ट वेगळी, तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद साहेबांनी २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी वर्षभरासाठी ३० टक्के सोडला होता.

टॅक्सचं म्हणाल तर तेच कोविंद जून २०२१ मध्ये गावाकडे गेले असताना म्हणाले होते की ५ लाख मिळतात त्यातले पावणेतीन लाख टॅक्समध्ये जातात. त्यावर केवढी चर्चा झाली! लोक कॅल्क्युलेटर घेऊन बसले, कारण तेव्हाच्या स्लॅबने सरचार्ज, सेस सगळं धरलं तरी महिन्याला दीड लाखाच्या थोडंसंच वर जातं. पावणेतीन कसे झाले ते आमच्याही गणितात बसलं नाही.

आम्हाला आवडतो तो किस्सा मात्र कलाम साहेबांचा. २००६ मध्ये त्यांचे पन्नासेक नातेवाईक राष्ट्रपती भवनात आठवडाभर राहायला आले होते. कलामांनी त्यांच्या राहण्या-जेवणाचा हिशेब ठेवायला लावला आणि पाहुणे गेल्यावर साडेतीन लाखांच्या आसपासचं बिल स्वतःच्या खात्यातून भरलं. तेव्हा महिन्याचा पगार होता ५० हजार, म्हणजे पाहुणचारात सात महिन्यांचा पगार गेला.