साईट चालू, तरी वार्निश म्हणतो बॅकएंड सिक

प्रश्न : आमची वर्डप्रेसची साईट आहे, पुढे वार्निश (पानं साठवून पटकन देणारा कॅश सर्व्हर) आणि मागे 8080 पोर्टवर अपाची (मूळ वेब सर्व्हर, म्हणजे वार्निशचा बॅकएंड). एचटीटीपीएस लावल्यापासून काही पानं उघडतात, काहींवर 503 (सेवा उपलब्ध नाही). वार्निशच्या बॅकएंड लिस्टमध्ये सिक (आजारी) दिसतंय पण सर्व्हरवरूनच कर्ल (पान मागवणारी कमांड) मारलं की मस्त 200 (सगळं ठीक) येतं! नक्की कोण खोटं बोलतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कर्लला कॅपिटल एल (-L) लावला होतात का? मग तो रिडायरेक्टच्या मागे गुपचूप जातो आणि शेवटचं 200 तुम्हाला दाखवतो. वार्निशचा प्रोब (बॅकएंड जिवंत आहे का ते ठराविक वेळाने बघणारी चाचणी) असा कुठे जात नाही, त्याला पहिल्याच फटक्यात 200 हवं, 301 (दुसऱ्या पत्त्यावर जा, म्हणजे रिडायरेक्ट) आलं की नापास. बरं, प्रोब तुमच्या व्हीसीएलमधून (वार्निशच्या नियमांच्या फाईलमधून) जातच नाही, त्यामुळे तिथे हेडर लावून वर्डप्रेसला कितीही सांगा की ही विनंती एचटीटीपीएसची आहे, प्रोबला त्यातलं काही मिळत नाही, आणि बॅकएंडचा होस्ट 127.0.0.1 लिहिला असेल तर होस्ट हेडर (कुठली साईट हवी ते सांगणारी विनंतीतली ओळ) पण तोच जातो, मग वर्डप्रेस म्हणणारच, आधी खऱ्या डोमेनवर जा.

अंदाज नको, वार्निशलॉग या कमांडला रॉ ग्रुपिंग (-g raw) लावून बॅकएंड_हेल्थ टॅग बघा. ओळीच्या शेवटी अपाचीच्या उत्तराची पहिली ओळ असते. तिथे 301 दिसलं की विषय संपला. उत्तरच दिसत नसेल तर मात्र पोर्ट, फायरवॉल नाहीतर टाइमआउट.

इलाज म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल ठेवा, एचटीॲक्सेसमधल्या (अपाचीच्या नियमांच्या फाईलमधल्या) रिडायरेक्टमधून ती वगळा आणि प्रोबचा यूआरएल तिच्यावर वळवा. होमपेजला प्रोब लावायची सवय मला मुळीच पटत नाही, डीफॉल्ट 5 सेकंदांनी एकदा उगाच पीएचपी आणि डेटाबेस जागे करायचे आणि 2 सेकंदांत उत्तर नाही आलं की परत नापास. हां, टेक्स्ट फाईलला डेटाबेस पडलेला कळणार नाही, ते वेगळं बघावं लागेल.

होस्ट हेडर बदलायला काहीजण प्रोबची अख्खी रिक्वेस्ट हाताने लिहितात. चालेल, पण त्यात कनेक्शन क्लोजची ओळ विसरू नका, नाहीतर अपाची कनेक्शन उघडंच ठेवतो, प्रोब वाट बघत बसतो आणि 200 येऊनसुद्धा सिक.

आणि थ्रेशोल्ड (किती प्रोब पास व्हायला हवेत तो आकडा) कमी करून बघू असा विचार असेल तर सोडा. डीफॉल्टला शेवटच्या 8 पैकी 3 पास लागतात, तुमचे आठही नापास होतायत. काही पानं उघडतात ती कॅशमधली, मुदत संपली की त्यांच्यावरही 503 येणार, तेव्हा तोवर वार्निशॲडम (varnishadm) कमांडमधून बॅकएंड हाताने हेल्दी करून ठेवा, फक्त काम झाल्यावर परत ऑटोवर टाका.