पकडलेल्या चाच्यांचा न्याय कोणी करायचा?

प्रश्न : मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने ३५ सोमाली चाच्यांना पकडून मुंबईत आणले. जहाजावर माल्टाचा ध्वज, मालक बल्गेरियातील, चाचे सोमालियाचे आणि घटना भर समुद्रातली. मग खटला मुंबईत कसा चालतो? माझा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण ज्या जहाजाविषयी लिहिता ते ‘रुएन’ डिसेंबर २०२३ मध्ये पळवले गेले होते. १६ मार्च २०२४ रोजी ‘आयएनएस कोलकाता’ ही युद्धनौका आणि हवाई छत्रीने समुद्रात उतरलेले सागरी कमांडो यांनी भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ते सोडवले, १७ खलाशांची सुटका केली आणि आठवडाभराने चाच्यांना मुंबई पोलिसांच्या हवाली केले.

मुंबईत खटला चालवण्याचा अधिकार १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा करारातून येतो. एरवी खुल्या समुद्रातील जहाजावर ते ज्या देशाचा ध्वज लावते त्याच देशाचा कायदा चालतो; परंतु चाचेगिरी हा त्याला जुना अपवाद आहे आणि कराराच्या १०५ व्या कलमानुसार चाच्यांचे जहाज कोणत्याही देशाची युद्धनौका पकडू शकते आणि पकडणाऱ्या देशाचे न्यायालय शिक्षा ठरवू शकते. ‘शकते’ या क्रियापदाकडे आपण लक्ष द्यावे, कारण सगळी अडचण तिथेच आहे. खटला चालवलाच पाहिजे, असे हे कलम सांगत नाही. खटला चालवायचा तर साक्षीदार असलेले खलाशी चार देशांतून बोलवावे लागतात, दुभाषे शोधावे लागतात आणि शिक्षा भोगून झाल्यावर कैद्यांना परत कुठे पाठवायचे हेही ठरवावे लागते, त्यामुळे बहुतेक सरकारांनी ही कटकट अंगावर घेण्याचे टाळले. सप्टेंबर २००८ मध्ये डेन्मार्कच्या ‘अबसालोन’ या युद्धनौकेने पकडलेल्या दहा संशयितांना काही दिवसांनी सोमालियाच्याच किनाऱ्यावर उतरवून सोडून दिले होते.

समुद्रावरचे सहकार्य तुलनेने लवकर जमले. जून २००८ मध्ये सुरक्षा परिषदेच्या १८१६ क्रमांकाच्या ठरावाने सोमाली सरकारच्या संमतीने त्या देशाच्या सागरी हद्दीतही चाच्यांचा पाठलाग करण्याची मुभा दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून भारतीय नौदल एडनच्या आखातात गस्त घालू लागले आणि डिसेंबरपासून युरोपीय संघाची ‘अटलांटा’ मोहीम सुरू झाली. भारत, चीन आणि जपान यांनी तर एकमेकांची वेळापत्रके जुळवून जहाजांच्या ताफ्यांना संरक्षण दिले, हे या तीन देशांचे एरवीचे संबंध पाहता थोडे नवलाचेच म्हणावे लागेल. न्यायालयांची गोष्ट मात्र केनिया आणि सेशेल्स यांच्याशी स्वतंत्र करार करून संशयित त्यांच्याकडे सोपवण्यापर्यंतच पोहोचली.

आपल्याकडचा अनुभवही सुखाचा नव्हता. ऑक्टोबर १९९९ मध्ये इंडोनेशियाहून अॅल्युमिनियम घेऊन निघालेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज चाच्यांनी पळवले आणि त्याचे नाव बदलून ‘मेगा रामा’ केले. आपले तटरक्षक दल आणि नौदल यांनी नोव्हेंबरमध्ये ते अरबी समुद्रात पकडून मुंबईला आणले. भारतीय दंड संहितेत चाचेगिरी असा गुन्हाच नसल्याने इतर कलमांची मोट बांधावी लागली. सत्र न्यायालयाने २००३ मध्ये १४ जणांना सात वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. तरीही कायदा झाला नाही, आणि २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत नौदल व तटरक्षक दलाने १२० सोमाली संशयितांना पकडले, तेव्हा पुन्हा तीच कसरत झाली. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने सागरी चाचेगिरी प्रतिबंधक कायदा संमत केला, त्यात चाचेगिरीची व्याख्या, जन्मठेपेची आणि कोणाचा जीव गेल्यास मृत्युदंडापर्यंतची शिक्षा आणि नियुक्त न्यायालये या तिन्ही गोष्टी आल्या. ‘रुएन’वरील चाच्यांना मुंबईत आणता आले ते या कायद्याच्या बळावर. माझ्या मते या बाबतीत वीस वर्षे वाया गेली.

प्रश्न : तांबड्या समुद्रात येमेनमधील हूथी बंडखोर जहाजांवर हल्ले करतात. त्यांनाही हाच कायदा लागू होतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सरळपणे लागू होत नाही. करारातील व्याख्येप्रमाणे चाचेगिरी ‘खाजगी हेतूने’ केलेली असावी लागते, आणि हूथी आपला हेतू उघडपणे राजकीय असल्याचे सांगतात. १९८५ मध्ये पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी राजकीय हेतूने ‘अकिले लाउरो’ या प्रवासी जहाजाचे अपहरण केले तेव्हा हीच उणीव जाणवली होती आणि तिच्यातून १९८८ चा सागरी दहशतवादविरोधी करार झाला; त्यात आरोपीवर खटला चालवा किंवा त्याला दुसऱ्या देशाच्या ताब्यात द्या, असे बंधन आहे. अर्थात क्षेपणास्त्रे किनाऱ्यावरून सुटत असतील, तर पकडायचे कोणाला, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न : चाच्यांच्या भीतीचा आपल्या मच्छीमारांना कधी फटका बसला का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : होय. जहाज कंपन्यांच्या संघटनांनी २०१० मध्ये ‘अतिजोखमीचे क्षेत्र’ पूर्वेला ७८ अंश रेखांशापर्यंत वाढवले, त्यामुळे आपला जवळजवळ सगळा पश्चिम किनारा त्यात आला, विम्याचे हप्ते वाढले आणि जहाजांवर सशस्त्र रक्षक दिसू लागले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि दोघांचा जीव गेला. भारताच्या आग्रहानंतर डिसेंबर २०१५ पासून ती रेषा पश्चिमेला सरकली. नौसैनिकांवर खटला चालवण्याचा अधिकार भारताला नाही, पण इटलीने भरपाई द्यावी, असा निवाडा आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये दिला. दहा कोटी रुपये जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये इथले फौजदारी प्रकरण बंद केले.